अंबूअक्कांनी धुतलेली पाटी

मित्रांनो, मी दगडी पाटी. कोपरा उडालाय, चौकट खिळखिळी झालीय, पण माझी हकीकत मला पाठ आहे. भोरच्या शाळेतल्या आनंदराव मास्तरांची मी. दुसऱ्या महायुद्धामुळे कागद मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी आपलं लाडकं गणित माझ्यावर मांडलं. केवढा मान माझा!

मास्तर सांगत, "गोटीला जोर कमी पडला, की ती टेकाड चढत नाही, मागे फिरते. पण अणूच्या पोटातला कण जोर कमी असूनही कधी कधी पलीकडे जातो! त्याची नेमकी वाट सांगताच येत नाही." मग त्यांनी युक्ती केली. एका कणाऐवजी मनातल्या मनात दोनशे गोट्या सोडायच्या, कुणाला जोर जरा जास्त, कुणाला कमी. प्रत्येकीची वाट जुन्याच नियमांनी काढायची आणि किती पलीकडे गेल्या ते मोजायचं. पुण्यात त्यांचे मित्र रघुवीर तेच उत्तर खऱ्या, किचकट रीतीने काढत होते. आपला अंदाज त्याच्या जवळ जातो का, एवढंच मास्तरांना बघायचं होतं.

रोज एक गोटी. वाट काढून झाली, की ती पुसायची आणि कोपऱ्यात एक रेघ ओढायची. डावीकडे परतलेल्या, उजवीकडे पार झालेल्या. मास्तरांचं छातीचं दुखणं वाढत चाललं होतं. शेवटी चारच गोट्या उरल्या.

दसऱ्याला शिवऱ्याहून त्यांची थोरली बहीण अंबूअक्का आल्या. मास्तर झोपले होते. अक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पूजेसाठी त्यांनी मला घासून धुतलं. अहो, मी ओरडले असते, पण दगडाला तोंड कुठलं! त्यांना येत होता फक्त 'एक'चा आकडा. त्याच एकांची त्यांनी माझ्यावर सरस्वती काढली.

"आनंदा, बघ की, पाटी कशी लख्ख केली! लई रेघोट्या व्हत्या."

मास्तरांनी माझ्या कोऱ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "छान केलंस, अक्का," म्हणाले आणि कुशीवर वळले. दिवाळी त्यांना दिसली नाही.

पुढे रघुवीर आपलं उत्तर घेऊन आले. "मास्तरांनी पत्रात लिहिलं होतं, पाटीच्या कोपऱ्यात रेघा आहेत म्हणून."

अक्कांनी मला उराशी धरलं. "म्या पुसल्या त्या! मला बोलला का न्हाई रं माझा आनंदा?"

दोन्ही उत्तरं जुळली असती का, ते आता कुणालाच कळणार नाही.

मित्रांनो, कुणाची पाटी पुसण्याआधी एकदा विचारत जा. अक्का होत्या तोवर दर दसऱ्याला मला फूल वाहत. पाणी मात्र त्यांनी मला पुन्हा कधी लावू दिलं नाही.