मडकी फोडणारा गडी

"वहिनी, आता दादाकडे दे ना तो कंट्रोलर," मी म्हणालो.

"एवढं दार होऊ द्या, भाऊजी." तिची नजर टीव्हीवरच्या गेमवर, दोन्ही अंगठे कंट्रोलरवर आणि दूध गॅसवर. दूध उतू गेलं तेव्हा गॅस मीच बंद केला. खाटेवर बसलेल्या दादाने माझ्याकडे बघून डावा खांदा उडवला. उजवा अजून उडत नव्हता.

हा गेम मुळात दादाचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला की हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायचा आणि तलवार घेऊन भुयारात उतरायचा. राक्षस मारायचे, पेट्या उघडायच्या, लेव्हल वाढवायची. सोबतीला तीन परदेशी: एक बस चालवणारा, एक बाई, जी खेळत असताना मागे तिचं बाळ रडताना ऐकू येतं, आणि एक म्हातारा, ज्याच्याकडे आपली संध्याकाळ म्हणजे पहाट. बोलणं खुणांनी, नाहीतर लिहून. लिहिलेलं पडद्यावर मोडक्यातोडक्या मराठीत उमटतं. भुयारातली मोठी दारं चौघं जमल्याशिवाय उघडत नाहीत. तेव्हा वहिनी या खेळाच्या नावाने बोटं मोडायची. "वय काय, चाळे काय," म्हणायची.

मग दादाला झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. इस्पितळात जीभ जड झालेली असताना त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "ते तिघं... थांबले असतील." वहिनीला रडू आलं आणि रागही आला, कारण त्या वाक्यात ती कुठेच नव्हती. तरी घरी येऊन तिने टीव्ही लावला. निरोप देऊन बंद करणार होती. पण निरोप लिहायचा कसा ते कळेना, आणि तिघं दारापाशी ताटकळत उभे. म्हणून ती चौथी होऊन आत गेली. त्यानंतर संध्याकाळी ती काही आमच्या हाती लागली नाही.

"वहिनी, यात असं आहे तरी काय?" मी एकदा विचारलं होतं.

वहिनी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. ती म्हणाली, "चादर धुतली, घडी घातली, गेली. दुसऱ्या दिवशी तीच चादर, तेच डाग. इतकी वर्षं झाली, कुणी म्हटलं का, बाई, तुझा हात सुधारला? इथं खोली साफ केली की घंटा वाजते. आकडा चढतो. आणि चढलेला आकडा खाली येत नाही."

"आणि पुढच्या पेटीत काय निघेल, सांगता येत नाही," दादा सावकाश म्हणाला.

"ते तर आहेच."

एव्हाना तिला तिथे लिहायला जमू लागलं होतं. हाच प्रश्न तिने मग त्या तिघांना लिहून विचारला. बसवाल्याचं उत्तर आलं, "रोज तेच वळण." बाळाच्या आईचं आलं, "लंगोट." म्हाताऱ्याने उशिरा लिहिलं, "घर रिकामे."

"सगळ्यांच्या चादरीच आहेत," वहिनी म्हणाली.

खेळायची तिची तऱ्हा मात्र दादासारखी नव्हती. दादा नाकासमोर घुसायचा. ही खोलीतलं एकूण एक मडकं फोडून, कोपरे झाडून काढल्यासारखे तपासून मगच पुढे जायची. दादाने कधी हात पुढे केलाच तर, "राहू द्या, तुम्हाला त्रास होईल," म्हणायची. तिला ते मनापासून वाटायचं. निदान निम्मं तरी.

दूध उतू गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी दादाचा उजवा अंगठा वाकवून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"हा मागे गेलाय. घरी याला काही काम देत नाही का? बटणं दाबण्यासारखं काही?"

आम्ही तिघांनीही टीव्हीखाली ठेवलेल्या कंट्रोलरकडे पाहिलं.

"हे कोण खेळतं?"

दादाची नजर वहिनीकडे वळली.

"आत्ता हलवला नाही तर पुढे कठीण आहे," बाई म्हणाल्या. "मग जेवणसुद्धा डाव्या हातानेच."

त्या संध्याकाळी वहिनीने स्वतः कंट्रोलर दादाच्या मांडीवर ठेवला. त्याचा अंगठा उचलून बटणावर बसवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. वाईट वाटतंय हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

दादाची तलवार भिंतीवर आपटत राहिली. उंदराएवढ्या एका प्राण्याने त्याला लोळवलं. तो उठला, पुन्हा लोळला. तिघं थांबून बघत होते. मग बसवाल्याचे शब्द उमटले: "मडकी फोडणारा आज कुठे आहे?"

दादाने ते दोनदा वाचलं. "तुला विचारतायत."

"सांगा, आता नाही येणार."

दादा लिहायला लागला. अंगठा एकेका अक्षरावर नेऊन टेकवायचा, दाबायचा, घसरायचा, पुन्हा टेकवायचा. कपाळावर घाम आला. मी मदतीला उठलो, तर वहिनीने डोळ्यांनीच दटावलं. अखेर ओळ पुरी झाली: "ती माझी बायको. मी आजारी होतो."

टीव्हीतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मग ते तिघं वळले आणि पडद्यातून आमच्या खोलीकडे तोंड करून कमरेत वाकले.

"त्यांना काय मी दिसणार आहे," वहिनी म्हणाली, आणि तिने केस सारखे केले.

तेवढ्यात तो उंदराएवढा प्राणी पुन्हा आला. वहिनीने एका फटक्यात उडवला असता. तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

"डावीकडून येतोय," ती म्हणाली.

दादाने बटण दाबलं, चुकलं. पुन्हा दाबलं. घंटा वाजली.

पुढचं दार समोरच होतं. तिघं तिथे जाऊन उभे राहिले. दादा मात्र उलटा वळला आणि कोपऱ्यातल्या मडक्यांकडे गेला. पहिलं मडकं फुटायला फार वेळ लागला. मग तो दुसऱ्याकडे वळला. वहिनी त्याच्याजवळ खाटेवर येऊन बसली, पण काखेतले हात तिने काढले नाहीत.