जंगलाकडची फांदी

झाडाच्या शेंड्याजवळ पानाकाड्यांचं टोपलीएवढं घरटं होतं आणि त्यात शेकरूचं पिल्लू. तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची ही मोठी खार जमिनीवर सहसा पाय ठेवत नाही. फांदीवरून फांदीवर उडी, हाच तिचा रस्ता. एका घरावर तिचं भागतही नाही. चार झाडांवर चार घरटी बांधून ठेवते. पण पिल्लू असतं एकाच घरट्यात, आणि रुंद होणाऱ्या रस्त्याच्या आड नेमकं तेच झाड आलं होतं.

वनखात्याच्या चौकीत एकटीच राहून शेकरूंच्या नोंदी ठेवणारी बाई झाडं तोडणाऱ्यांच्या मुकादमापुढे अगदी गयावया करू लागली.

"दादा, दुपारपर्यंत थांबा. आई पिल्लाला तोंडात धरून पलीकडच्या घरट्यात नेईल."

"नेईल? तुमच्या कानात सांगून गेली वाटतं?"

माणसं खो खो हसली.

"सामान हलवायला दोघं जण देऊ का तिला?"

"हसा खुशाल. रस्त्याकडच्या फांद्या उतरवा, पण जंगलाकडची ती एक ठेवा. तेवढ्याच वाटेनं तिला जाता येईल."

मुकादमानं वर पाहिलं, मान खाजवली. "जेवण होईपर्यंत. त्यापुढे माझ्या हातात नाही."

रस्त्याकडच्या फांद्या धडाधड पडल्या. करवत थांबली, माणसं सावलीत जेवायला गेली. शेकरू मात्र फांदीला चिकटून निपचित पडलेली. घाबरली की ती अशीच पडून राहते. झाडाखाली चौकीतली ही, मान वर करून उभी. चल गं बाई, ऊठ.

घरी नणंदेकडे ठेवलेली तिची लेक सकाळी फोनवर म्हणाली होती, "आई, तू ठेव ना, मी खेळतेय." निदान ही आई लेकराला उचलून नेताना तरी डोळे भरून बघायची होती.

वरून दोन काळे डोळे रोखून बघत होते. माणसांकडे नव्हे, करवतीकडे नव्हे, तिच्याकडे. झाडाखाली आता तिच्याशिवाय होतंच कोण?

ती मुकाट्यानं चौकीत गेली. खिडकी लावली, खिडकीकडे पाठ करून खाटेवर बसली. पंख्याचा आवाजही नको म्हणून तो बंद केला. चहा करावासा वाटला, पण भांडं वाजेल म्हणून हात आखडला. इतकी सामसूम या खोलीला सवयीची होती, तिला अजून नव्हती.

"अहो ताई!" मुकादम धापा टाकत दारात आला. हाताला भात तसाच. "गेली! काय झेप घेतली बाईनं! फांदी अशी वाकली, मला वाटलं आता पडतेय. बघितलंत ना?"

"नाही."

"म्हणजे? इतके दिवस मान मोडून वर बघत बसलात, आणि ऐन वेळी आत?"

"पिल्लू हलत होतं?"

"हलतंय कसलं! आईच्या गळ्याला घट्ट विळखा घालून बसलेलं."

बाहेर कुणीतरी करवत सुरू केली. मुकादमानं वळून आवाज दिला, "बंद कर रे जरा!"

"पुन्हा सांगा ना," ती म्हणाली. "घरट्यातून बाहेर आली तिथपासून."

मुकादम उंबऱ्यावर टेकला आणि उष्ट्या हातानंच फांदी दाखवत सांगू लागला.