दुसऱ्याची खात्री

ती चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळत होती आणि ड्रॉवरमधला मोबाइल तिसऱ्यांदा थरथरला. हात हलला, स्क्रू काउंटरखाली गेला.

“सकाळपासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही,” दुकानाचे मालक म्हणाले. “जेवणाची सुट्टी आत्ताच घे. आणि आधी तो स्क्रू शोध.”

स्क्रू सापडला. डबा तसाच ठेवून ती पर्स घेऊन रस्त्यावर आली आणि मोबाइल उघडला. निळं घुबड!

खेळ साधा होता. मोबाइल हातात धरून गावभर फिरायचं, नकाशावर पक्षी दिसला की दाणे टाकून पकडायचा. दोनशे दहापैकी दोनशे नऊ पक्षी तिच्याकडे होते. राहिलं होतं ते घुबड वर्षातून दोनदा उगवायचं आणि वीस मिनिटांत उडून जायचं. शहरातल्या खेळणाऱ्यांनी मिळून एक नकाशा केला होता. ज्याला पक्षी दिसेल त्याने त्यावर खूण करायची आणि पक्षी उडायच्या आत दुसऱ्या कोणीतरी तिथे पोचून ‘मलाही दिसला’ दाबायचं. नाही दाबलं तर खूण लाल. तीन लाल झाल्या की नाव कटलं. काही टवाळांनी लोकांना उगाच पळवलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

आजची खूण ‘रिकामटेकडा’ या नावाने खेळणाऱ्याची होती. दोन महिन्यांपूर्वी आलेला हा माणूस ऐन कामाच्या वेळी कुठल्या कुठल्या कोपऱ्यांत पक्षी शोधायचा. तिथवर दुसरं कोणी पोचायचं नाही, म्हणून खरं बोलूनही त्याच्या नावावर दोन लाल खुणा होत्या. खाली त्याने लिहिलं होतं, ‘पाण्याच्या टाकीमागची बाग. फाटकापासून डावीकडे बावीस पावलं. बॅटरी चार टक्के. लवकर या कोणीतरी.’

“हा करतो काय दिवसभर?” तिने परवाच नवऱ्याला विचारलं होतं.

“असेल कोणी बिनकामाचा,” ताटातून मान वर न करता तो म्हणाला होता. “आणि तुला घुबड कशाला हवं? मी आहे की घरात.”

ती पळतच निघाली. सिग्नल लाल होता, तो सुटेपर्यंत तिने चार वेळा घड्याळ पाहिलं. बागेच्या फाटकाशी पोचली तेव्हा पाच मिनिटं उरली होती. डावीकडे वळून तिने पावलं मोजायला सुरुवात केली आणि चौदाव्या पावलाला थांबली.

समोर बाकावर एक माणूस पाठमोरा बसला होता. शेजारी हिरव्या चेनची बॅग. ती चेन तिनेच बदलली होती. बॅगेवर सकाळी तिनेच भरलेला डबा.

नवऱ्याचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे तो लिफ्टचे आराखडे काढायचा. साइटवर आला असेल, तिला आधी वाटलं. मग त्याने एक बूट काढला, आतला घडी घातलेला कागद सारखा केला आणि बूट परत घातला. मागच्या आठवड्यात ती त्याच बुटांना हसली होती, खुर्चीत बसून टाचा झिजतात का म्हणून. घरात कपाट घ्यायचं ठरलं तरी हा माणूस भिंत पावलांनी मोजायचा. बावीस पावलं.

ती झाडाआड झाली. तिला संताप आला. दोन महिने! दोन महिने हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, संध्याकाळी “बरं चाललंय” म्हणतो, आणि मी वेड्यासारखी डबे भरते.

मोबाइलवर घुबड पंख झटकत होतं. गुपचूप पकडून निघून जाता आलं असतं, त्याला पत्ताही लागला नसता. ‘मलाही दिसला’ दाबलं तर मात्र शेजारी तिचं खेळातलं नाव उमटणार होतं, ‘टाचणी’. हे नाव त्यानेच तिला सुचवलं होतं. न दाबलं तर तिसरी लाल.

तो उठला, फाटकाकडे पाहिलं, परत बसला. मोबाइल शर्टाला पुसला. तिच्या हातातला मोबाइल थरथरला.

‘येतंय का कोणी?’

घरात हा पाण्याचा पेलासुद्धा मागत नाही, स्वतः उठतो. तिने पडद्याकडे पाहिलं. कोणीच उत्तर दिलं नव्हतं. एक मिनिट उरलं होतं.

तिने बटण दाबलं. खूण हिरवी झाली.

तो मोबाइलकडे बघत राहिला. बराच वेळ. त्याने मागे वळून पाहिलं नाही. नुसती बॅग उचलून खाली ठेवली, डबा मांडीवर घेतला, आणि बाकाच्या एका कडेला सरकला.

ती जाऊन शेजारी बसली. दोघंही समोरच्या टाकीकडे बघत होते.

“पकडलंस?” त्याने विचारलं.

तिने मोबाइल पाहिला. नकाशा मोकळा होता.

“राहिलं.”

“राहिलं?” तो एकदम तिच्याकडे वळला. त्याचा आवाज चिरकला. “अगं, दोन महिने पायपीट करतोय मी त्याच्यासाठी!”

तिने पर्स उघडली आणि आतून पॉवर बँक काढली. सख्ख्या बहिणीने मागितली तरी ती कधी द्यायची नाही. त्याचा मोबाइल हातातून घेऊन तिने वायर जोडली आणि दोन्ही त्याच्या बॅगेत नीट ठेवलं.

“रोज रात्री हिला चार्जिंगला लावत जा,” ती म्हणाली. “मी आठवण करून देणार नाही. आणि डबा उघड, मी जेवले नाहीये.”