पितळीतलं उरलेलं पाणी

मी पितळी बोलतेय. नाव पितळी, पण अंग स्टीलचं. काठ उंच, आत भाकरी कुस्करून वर कालवण घ्यावं अशी. दहिवडीच्या बाजारात भांडीवाल्याने टकटक करत माझ्या काठावर नाव घातलं, 'सौ. गंगुबाई'. तिला वाचता येत नाही, पण काठावरून बोट फिरवलं की मला बरोबर ओळखते.

लेकाने, यतिनने, तिला ऑस्ट्रेलियात वेरिबीला आणलं, तेव्हा मी तिच्या लुगड्यात गुंडाळून आले.

घरात नात, श्रिया, चौदा वर्षांची. आणि तिचा पाळीव अजगर, नूडल. पेन्सिलीएवढा होता तेव्हापासून पोरीने वाढवलेला. गंगुबाई आधी दारातूनच हात जोडायची. पुढे त्याला दिवसभराचं सांगत बसायची.

या थंडीत श्रियाने दुसरा साप आणला. तो लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, वेगळ्या टबात. खाली कागद, चिमटा वेगळा, औषधाचा स्प्रे वेगळा. तीन महिने दोघांची गाठ घालायची नाही. आधी नूडलचं करायचं, मग नव्याचं, मग हात धुवायचे.

"आजी, डिफरंट एव्हरीथिंग. ओके?"

"कळलं गं बाई. गोवर आलेल्या पोराला आम्ही असंच ठेवायचो."

मग श्रिया शाळेच्या कॅम्पला गेली, पाच दिवस. नव्या सापाने पाण्याचं प्लास्टिकचं भांडं उलथं केलं, तसं गंगुबाईने मला धुऊन आत ठेवलं. तो माझ्यात वेटोळं घालून बसला, उठेचना. "बघा, माझी पितळी कशी आवडली," ती म्हणाली. मीही फुगले.

आवडली कसली! त्याच्या अंगाला बारीक किडे लागले होते, म्हणून तो पाण्यात बुडून बसला होता. खसखशीएवढे काळे ठिपके माझ्या तळाशी येत होते, वळवळत होते. तिच्या डोळ्यांना ते दिसेनात. मला दिसत होते.

संध्याकाळी तिने मला उचललं. अर्धं पाणी शिल्लक होतं. जिने तीस वर्षं टँकरमागे हंडा घेऊन धाव घेतली, तिने ते मोरीत कसं ओतावं? पलीकडच्या खोलीत नूडलच्या भांड्यातलं पाणी कमी झालं होतं. तिने मला तिथे कलती केली. रोज, पाच दिवस.

पुढे नूडलही पाण्यात बसून राहू लागला. खवल्यांखाली तेच ठिपके. डॉक्टर झाले, औषधं झाली, घरभर उकळतं पाणी झालं. पण त्याची छाती भरली, आणि एका सकाळी त्याने मान उचलली नाही.

हे कसं झालं, श्रियाला कळेना. गंगुबाई गप्प राहिली असती तर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? पण ती पोरीसमोर खाली बसली.

"मीच ओतलं त्याच्या भांड्यात. पाणी होतं गं ते, श्रिया. पाणी कसं टाकू?"

आठवडाभर आजीने काहीही विचारलं की पोरीचं "नो थँक्स" एवढंच.

आता मी लाँड्रीच्या फळीवर असते. काठावरच्या नावावर श्रियाने चिकटपट्टी लावलीय, ही नव्याचीच म्हणून. गंगुबाईचं बोट तिथवर येतं आणि थांबतं. नवा बरा झालाय. त्याचे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलेत. त्याचं सगळं आता आजीच करते, आणि श्रिया दारात उभी राहून बघते.

रोज संध्याकाळी गंगुबाई मला मोरीवर धरते. हात अजून अडखळतो. श्रिया बघत असते.

ओत गं बाई. मी रिकामीच बरी.