झाकणावरची यादी

जुईने दिवाणखान्याच्या मधोमध आपली काळी ट्रंक उघडली आणि मोजायला सुरुवात केली. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली होती. फ्रॉक चार, चड्ड्या सहा, टॉवेल एक, ब्रश एक, चित्रांची वही एक. सगळं बरोबर भरल्यावर सहा वर्षांच्या त्या पोरीने पेन्सिल लताबाईंसमोर धरली.

"आंटी, साइन करो. पापा भी ऐसे ही करवाते हैं."

लताबाईंनी निमूट सही केली.

"बँकेत तीस वर्षं काढली," त्यांचे यजमान लक्ष्मीकांत सोफ्यावरून म्हणाले, "पण इतका कडक साहेब नाही भेटला."

लखनौच्या मराठी मंडळींनी एक वही केली होती. छावणीतल्या एखाद्या घरी नवरा सीमेवर असताना बायकोवर अचानक काही प्रसंग आला, तर मुलं कोण सांभाळेल त्यांची नावं तिच्यात होती. लताबाईंनी नाव घातलं त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुणी बोलून दाखवत नसे, पण फोन नेहमी दुसऱ्याच घरी जायचा. आज मात्र जुईच्या आईचं, मीनाक्षी पवारचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन तातडीने ठरलं. नवरा राघव काश्मीरात, गावाकडून लगेच येणारं कुणी नाही, आणि जूनच्या सुट्टीमुळे वहीतल्या बाकीच्या घरांना कुलपं. उरलं अलीगंजातलं हे एकच घर. मीनाक्षीच्या शेजारच्या क्वार्टरमधली सरोज जुईला सोडून गेली तेव्हा लताबाईंना फार आनंद झाला, आणि तितकीच धास्तीही वाटली. पोर रमली नाही तर आपल्याला पुन्हा कुणी विचारणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी जुई लक्ष्मीकांतांबरोबर मलिहाबादचे दशहरी आंबे बादलीत भिजत घालत बसली. तेवढ्यात लताबाईंनी हौसेने ट्रंक रिकामी केली. फ्रॉकना इस्त्री केली, कपाटात टांगले, ब्रश आपल्या ब्रशांशेजारी पेल्यात ठेवला. कितीतरी वर्षांनी त्या गुणगुणत होत्या.

जुई आत आली, रिकामी ट्रंक पाहिली आणि तिच्याशेजारी फरशीवर बसली ती बसलीच. आंबा नको, वरणभात नको. कुणाशी बोलणं नाही. दिवेलागणीपर्यंत लताबाईंचा धीर सुटला.

"मला नाहीच जमायचं. सरोजला फोन करा, घेऊन जा म्हणावं."

"अगं, पहिलाच दिवस आहे."

"करा तुम्ही."

लक्ष्मीकांत फोनकडे गेले. लताबाई गुडघे धरत फरशीवर टेकल्या.

"काय झालं गं बाळा?"

"सामान निकाल दिया."

"हो. चुरगळलं असतं ना सगळं."

"सामान पोस्टिंग पे निकालते हैं," जुई म्हणाली आणि तिचा ओठ थरथरला. "फिर पुराने घर वापस नहीं जाते. कभी नहीं."

लताबाई फोनच्या दिशेने वळल्या.

"अहो, फोन ठेवा," त्या ओरडल्या.

त्यांनी कपाटातून एकेक वस्तू आणली. जुईने यादी वाचली, लताबाईंनी ट्रंक भरली. कडी लावून झाल्यावर जुईने ती दोनदा ओढून पाहिली.

"अब आम?"

तिने चार आंबे खाल्ले. रस कोपरापर्यंत ओघळला. सालींचीही सही लागेल का, असं लक्ष्मीकांतांनी विचारलं तेव्हा ती खुदकन हसली.

मग आठ दिवस ट्रंक दिवाणखान्यात तशीच राहिली. येणारा-जाणारा तिला अडखळायचा, पण लताबाईंनी ती हलू दिली नाही. रोज सकाळी एक फ्रॉक बाहेर यायचा, धुऊन वाळला की आत जायचा. ब्रशसुद्धा दात घासून झाले की कागदात गुंडाळून ट्रंकेत.

नवव्या दिवशी मीनाक्षी पोटावर हात धरून सावकाश रिक्षातून उतरली. जुई धावत जाऊन तिला बिलगली. मग लेकीनेच आईला खुर्चीत बसवलं आणि झाकण उघडून यादी वाचायला घेतली. सगळं जुळलं, ब्रश तेवढा निघेना.

"ब्रश कुठंय गं?" मीनाक्षी ओशाळली. "काकू, आमच्याकडे एक वस्तू मागे राहिली तरी हिचे बाबा घर डोक्यावर घेतात."

"न्हाणीघरात असेल, आणते," म्हणत लताबाई उठल्या.

"रहने दो," जुई म्हणाली. यादीतला ब्रश तिने आधीच खोडून टाकला होता. "वो इधर ही रहेगा. गिलास में."

"अगं, पण का?"

उत्तर द्यायला जुईला वेळ नव्हता. तिने पेन्सिल पुढे केली.

"साइन करो, काकू."

लताबाईंनी पेन्सिल घेतली. चष्मा डोळ्यांवर होता तरी त्यांना ओळ दिसेना. जुईने बोट ठेवून जागा दाखवली.