कान कुणाचा

ताईला राग आला की ती बोलायची नाही, जिना चढायची. टेकडीवरच्या हवामान केंद्रात रडारच्या पांढऱ्या घुमटापर्यंत जाणारा लोखंडी जिना होता. त्याचा खडखडाट ऐकला की केंद्रातली माणसं ओळखायची, आज रडारबाईंच्या वाटेला जायचं नाही. त्या दिवशी आईचा फोन येऊन गेला आणि जिना दोनदा वाजला.

"पुढच्या आठवड्यात बाळ्याचं ते प्रात्यक्षिक आहे ना गं?" आईने विचारलं होतं. "रडारच्या बाजूने तूच असणार म्हणे. धाकटा आहे तो. जरा सांभाळून घे."

"घेते की," ताई म्हणाली होती.

सांभाळून घेण्यातच तिचा अर्धा जन्म गेला होता. बाळ्या म्हणजे तिचा सख्खा भाऊ. आता पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, स्वतःच्या वायरलेस कंपनीचा मालक, पण आईच्या तोंडी अजून बाळ्याच. लहानपणी घरात एकच न्हाणीघर होतं आणि त्याला कडी नव्हती. आधी दार वाजवायचं, आतून आवाज आला तर गुपचूप परत फिरायचं, असा नियम. ताई तो पाळायची. बाळ्याने जन्मात कधी दार वाजवलं नाही, आणि बोलणी मात्र ताईलाच बसायची, की तू मोठी आहेस, तुला आतून मोठ्याने सांगता येत नाही का.

पुढे इंजिनिअर झाल्यावर तिने हाच नियम हवेतल्या लहरींना लावला. या लहरींचे पट्टे सरकारने वाटून दिलेले असतात. त्यातला एक कधीकाळी हवामानाच्या रडारला मिळालेला. पण रडार गरागरा फिरतं, क्षणभर इकडे बघतं आणि लगेच तोंड फिरवतं. कितीतरी गावांच्या आसपास तर रडारच नसतं. पट्टा बराचसा रिकामा, आणि खाली माणसं इंटरनेटसाठी हपापलेली. ताई म्हणाली, वापरू द्या की इतरांना. फक्त त्यांच्या यंत्राने बोलण्याआधी ऐकायचं, आणि रडारची चाहूल लागली की गप्प बसून जागा सोडायची. ते ऐकणारं सर्किट तिने घरच्या गच्चीत बसून रचलं. त्याला ती कान म्हणायची.

बाळ्याने त्या कानाभोवती डबा बसवला, डब्यावर कंपनीचं नाव छापलं आणि बक्षीस पटकावलं. समारंभात कुणीतरी विचारलं, "तुमच्या भगिनीही यात होत्या ना?" बाळ्या माईकवर हसून म्हणाला, "ताई? हो, हो. ती फक्त टेस्टिंग करायची." लोक कौतुकाने हसले. ताई पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर आई म्हणाली, सांभाळून घे. ताईने दुसऱ्या दिवशी बाळ्याची कंपनी सोडली आणि पुढे टेकडीवरची नोकरी धरली.

काळ गेला की राग निवतो म्हणतात. ताईचा निवला नाही, चांगला मुरला. आणि आता उट्टं काढायची वेळ चालून आली होती. रडारचा पट्टा शहरात इतरांना खुला करायचा का, हे सरकारने नेमलेली समिती ठरवणार होती. बाळ्याच्या डब्याने रडार ऐकून गप्प बसून दाखवलं, की अख्ख्या शहराचा परवाना त्याचा. नाही बसला तर बाळ्या रस्त्यावर, कारण होतं नव्हतं ते सगळं त्याने यात घातलं होतं.

डबा गप्प बसणार नाही हे ताईला पक्कं ठाऊक होतं. रडारची हाक दोन तऱ्हेची असते. लांबचे ढग बघताना स्पंद, म्हणजे लहरींचा एकेक ठोका, लांब, जवळचे बघताना अगदी आखूड. कानाला तिने लांब स्पंद ओळखायला शिकवलं होतं, आखूड राहिले होते. "बाळ्या, अजून निम्मं काम बाकी आहे," असं तिने तेव्हा सांगितलंही होतं. पण साहेब बक्षिसासाठी कोट शिवायला निघाले होते. नंतर त्याने डब्याचा रंग बदलला, आकार बदलला, आतल्या कानाला हात लावला नाही. लावायला तो कळायला हवा होता. विकलेले डबे बिनबोभाट चालत होते, कारण विकले होते ते रडार नसलेल्या गावांत.

प्रात्यक्षिकाच्या आधी बाळ्या एकदा टेकडीवर आला, धापा टाकत.

"काय गं हे ताई, गाडी वरपर्यंत येत नाही?"

"चाल जरा. वाळशील," ताई म्हणाली.

तो न विचारता तिच्याच खुर्चीत बसला. "तुझं रडार तेच आहे ना अजून? काही बदललंय का?"

"काही बदललेलं नाही."

हे अगदी खरं होतं. ताईला खोटं बोलायची गरजच नव्हती. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. खुर्चीशेजारच्या खणात दुसरा कान होता, लांब आणि आखूड दोन्ही ऐकणारा. टेकडीवर आल्यावर तिने तो पुरा केला होता, कुणाला न सांगता. हात लांब केला तर बाळ्याला खण उघडता आला असता.

"आणखी काही विचारायचंय का मला?" ताईने विचारलं. त्या निम्म्या कामाचं काय झालं, एवढंच तो म्हणाला असता, किंवा नुसतं चुकलं म्हणाला असता, तर तिने खण उघडला असता. खरंच उघडला असता.

बाळ्याने फोनमधून मान वर केली नाही. "छे गं. सगळं तोंडपाठ आहे आपल्याला. तू फक्त ते रडार वेळेवर चालू ठेव."

फक्त! तो गेल्यावर जिना कितीतरी वेळ वाजत होता.

प्रात्यक्षिकाच्या सभागृहात जाड गालिचा होता आणि एसी इतका गार की लोक हात चोळत बसले होते. समितीच्या अध्यक्षबाई मध्ये, दोन्हीकडे एकेक सदस्य. पडद्यावर टेकडीवरून येणारं रडारचं चित्र. खिडकीत बाळ्याचा डबा, हिरवा दिवा लावून इंटरनेट वाटत बसलेला. आई पाहुण्यांच्या रांगेत होती.

बाळ्या झकास बोलला. बोलणं त्याला नेहमीच जमायचं. "आमचा डबा आधी ऐकतो, मग बोलतो," असं तो म्हणाला तेव्हा ताईने दातओठ खाल्ले.

आधी लांब स्पंद झाले. रडार फिरलं, हिरवा दिवा लाल झाला, डबा गप्प बसला. टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने डबा पुन्हा सुरू झाला, तेव्हा ताई उठून म्हणाली, "आमचं रडार जवळचंही बघतं. तेही होऊ दे." अध्यक्षबाईंनी मान डोलावली. बाळ्यानेही डोलावली, कशाला ते न कळता. ताईने टेकडीवर फोन लावला आणि ऑपरेटरला सांगितलं, "आता जवळचं बघा."

रडार फिरलं. दिवा हिरवाच राहिला. पुन्हा फिरलं, तरी हिरवाच. आणि रडारच्या चित्रात, निरभ्र आकाशात, टेकडीपासून थेट या इमारतीच्या दिशेने एक जाड पांढरी रेघ उमटली.

"ही रेघ कसली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"डब्याची," ताई म्हणाली. "रडार बोलतंय आणि हा मध्येच बडबडतोय. त्या दिशेने वादळ आलं तर या रेघेत ते आम्हाला दिसायचं नाही."

बाळ्याने डबा बंद करून चालू केला. मग त्याला दोन चापट्या मारल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्या गारठ्यात बाळ्याच्या टकलावर घाम आला. ताईला किती बरं वाटलं म्हणून सांगावं! इतकी वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाळ्या गर्रकन वळला आणि तिच्याकडे बोट रोखून ओरडला, "हा कान मी केलेला नाही! हिने केलाय, माझ्या बहिणीने. सगळा विचार तिचा, सगळं डिझाइन तिचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. विचारा तिला!"

हेच ऐकायला ताई इतकी वर्षं जगली होती. मनात तिने ते हजारदा ऐकलं होतं. फक्त मनातला बाळ्या मान खाली घालून बोलायचा.

"खरं आहे का हे?" अध्यक्षबाई ताईला म्हणाल्या. "नीट सांगा. मूळ रचना तुमची असेल तर ती तुमच्या नावावर होईल, आणि दुरुस्तीसाठी तुम्हाला मुदत देता येईल. नाहीतर हा कान इथेच बाद करावा लागेल, कायमचा."

नाव घेतलं तर नाव मिळणार होतं, पण बाळ्याही वाचणार होता. बाळ्याला बुडवायचं तर कानासकट बुडवायचं. ताईने मागे वळून पाहिलं. आईने हात जोडले होते. आवाज येत नव्हता, पण ओठ काय म्हणत होते ते ताईला इतक्या लांबूनही कळलं.

ती माईकशी गेली आणि हसली, थेट बाळ्यासारखी.

"माझी रचना? नाही हो," ती म्हणाली. "मी फक्त टेस्टिंग करायचे."

कुणी हसलं नाही. बाळ्या खुर्चीत बसला तो उठलाच नाही. अध्यक्षबाईंनी दोन्हीकडच्या सदस्यांशी एकेक शब्द बोलून कान बाद झाल्याचं सांगितलं आणि लोक पांगले.

ताई टेकडीवर परतली. पडद्यावरची रेघ गेली होती, चहूकडे आकाश स्वच्छ होतं. सवयीने ती जिन्याशी गेली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबली. चढायला राग उरला नव्हता, आणि रागाच्या जागी दुसरं काही आलंही नव्हतं. मग ती आत आली, खण उघडला आणि दुसरा कान खिडकीत ठेवून चालू केला. रडार अजून जवळचं बघत होतं.

कानाचा दिवा लगेच लाल झाला. ताई त्या दिव्याकडे बघत बसली. आईचा फोन वाजत होता, तो तिने उचलला नाही.