पाचवी येईपर्यंत

वॅफलच्या साच्याशी उभं राहून माणसाने कुणाच्या पोटावर पाय देऊ नये, एवढी तरी रीत असावी. ट्रेंट वॉस्लरला ती नव्हती. शर्यतीच्या सकाळी मोटेलच्या लॉबीत मी पीठ ओतून साचा फिरवत होते, तेव्हा तो कॉफीचा कागदी पेला घेऊन शेजारी आला आणि म्हणाला, चांगली बातमी आहे, पण शर्यत होईपर्यंत पोटात ठेवायची.

ट्रेंट आमच्या मॅडर क्रीक विद्यापीठाचा क्रीडा संचालक. माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, दात फार पांढरे, आणि आल्या दिवसापासून एकच ध्यास, विद्यापीठाला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत न्यायचं. आमचं गाव म्हणजे धान्याच्या कोठारांची एक रांग, मांसाचा एक कारखाना आणि बाकी सगळा वारा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं गावातले म्हातारे चर्चमधल्या कॉफीच्या वेळी म्हणायचे. पण आपल्या पोरांचे सामने टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर त्याच म्हाताऱ्यांनी नव्या टोप्या घेतल्या.

वर जायचं तर विद्यापीठाकडे ठरावीक संख्येने संघ हवेत, आणि प्रत्येक संघ हंगामात ठरलेल्या वेळा पुरा उतरलेला हवा, अशी अट होती. आमच्याकडे संघ अगदी काठावर होते. त्यात माझा मुलींचा क्रॉस-कंट्रीचा संघ सगळ्यात लंगडा. माळरानातून धावायच्या या शर्यतीत पुरा संघ म्हणजे पाच जणी. पाच जणींनी शेवटची रेषा ओलांडली तर शर्यत मोजतात. चारच आल्या तर ती झालीच नाही असं धरतात. त्या साली एक शर्यत वणव्याच्या धुराने रद्द झाली होती आणि एकीत एक मुलगी चक्कर येऊन बसली होती. आता ही शेवटची मोजली गेली तरच आमचा संघ धरला जाणार होता, आणि संघ धरला गेला तरच विद्यापीठ वर जाणार होतं.

बरं, माझ्याकडे धडधाकट मुली होत्या चार. शेल्बीच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता आणि ती कुबड्या घेऊन आली होती. पाचवी म्हणून मी सॉफ्टबॉलच्या संघातून डार्सी वर्ट्झला उसनी आणली होती. उकिडवं बसून चेंडू झेलणं हा तिचा खेळ. खांदे दाराएवढे, जीभ कात्रीसारखी, आणि एवढं लांब अंतर ती आयुष्यात कधी धावली नव्हती.

तर ट्रेंटची चांगली बातमी अशी, की वर गेल्यावर वसंतात नवा कोच येणार होता. मोठ्या विद्यापीठातला, नाववाला. आणि येताना स्वतःच्या मुली घेऊन येणार होता, जिंकणाऱ्या.

"आणि माझ्या?" मी विचारलं.

"हुशार आहेत, शिकतील की. संघात नसतील, एवढंच."

"शिष्यवृत्ती?"

"ती संघाबरोबर जाते, लोर्ना. तुम्हाला मी सांगायला हवं का?" मग तो माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला की माझं त्याने बघितलंय. खेळाडूंची सल्लागार म्हणून नव्या इमारतीत मला बसवणार आहेत. थंडीवाऱ्यात उभं राहणं संपलं.

साच्याची घंटी वाजली. मी वॅफल काढलं आणि खाल्लं. वर गोड पाक ओतून खाल्लं. मला हो म्हणता आलं नाही, नाही म्हणता आलं नाही, आणि तोंडात घास असला की कुणी उत्तर मागत नाही. ज्या मुलींच्या पायांवर विद्यापीठ वर चढणार, त्यांनाच खाली ठेवणार. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

व्हॅन मी चालवत होते. मागच्या आरशात मला मारिसोल आर्रेओला दिसत होती. खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिचे आईवडील दोघंही मांसाच्या कारखान्यात सुरी चालवतात. मारिसोल दुसऱ्या वर्षाला, शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती गेली तर पोरगी पुढच्या हिवाळ्यात आईच्या शेजारी रबरी बूट घालून उभी राहील, हे तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. ट्रेंटलाही ठाऊक असणार. त्याने फक्त त्याचा विचार केला नव्हता.

शर्यत दुसऱ्या एका कॉलेजच्या गोल्फच्या मैदानावर होती. गवतावर दहिवर गोठलं होतं. आम्ही तंबू ठोकला, मुली छातीवर नंबर टाचायला लागल्या. केल बहिणी, दोघी जुळ्या, एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. डार्सी म्हणत होती की तिच्या मापाची चड्डी या खेळात शिवतच नाहीत का, आणि ब्रिटा एलिंगसन, आमची कप्तान, हसता हसता पिना सांडत होती.

सांगायचं असतं तर तीच वेळ होती. पाचांपैकी एकीने जरी पाऊल आवरलं असतं, तर विद्यापीठ होतं तिथेच राहिलं असतं, आणि त्यांच्या जागाही होत्या तिथेच राहिल्या असत्या. हे हत्यार त्यांचं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ब्रिटाने विचारलं, "काय झालं कोच? तोंड असं का?"

"वॅफल कच्चं होतं," मी म्हटलं.

नाही सांगितलं. शर्यतीआधी धावणाऱ्याच्या डोक्यात काही घालायचं नसतं. इतकी वर्षं हेच करत आले. सांगायचं ते रेषेपलीकडे. नोकरीची भीती होती का? होती, मी काही संत नाही. पण आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन की त्या घडीला गप्प बसले ते बरोबरच होतं.

पिस्तूल वाजलं आणि मुलींचा तो सगळा लोंढा उतारावरून गेला. ट्रेंट माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. विद्यापीठाच्या अध्यक्षा डॉक्टर पेटीबोनही आल्या होत्या, फोटोग्राफर घेऊन. त्यांच्या गाडीच्या डिकीत पहिल्या श्रेणीचा बॅनर गुंडाळून ठेवला होता. ट्रेंटला काही केल्या चैन नव्हतं. तो मार्गाच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी जायचा, परत यायचा, बोटांवर पाच मोजायचा, जणू मोजून एखादी वाढणार होती.

अर्ध्या वाटेवर आमच्या चौघी ठीक होत्या. डार्सी शेवटून पहिली, तोंड बिटासारखं झालेलं. ट्रेंट दोरीच्या अलीकडून तिच्याबरोबर पळायला लागला. थांबू नकोस, चाल हवं तर, पण थांबू नकोस, असं म्हणत होता.

"उरलेलं तुम्हीच धावता का?" डार्सी धापा टाकत म्हणाली. "बूट चांगले आहेत तुमचे."

दोरीशी उभे असलेले लोक हसले. मला हसू आलं नाही. ती कोसळावी असं मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, आणि त्याच वेळी माझं तोंड "हात खाली, डार्सी, हात खाली" असं ओरडत होतं. सवय वाईट असते.

ब्रिटा आली. मग जुळ्या आल्या, एकीमागे एक. तीन झाल्या. मग मारिसोल वळणावरून बाहेर पडली, छान पाय उचलत, अजून दम शिल्लक असलेली. ट्रेंटने चौथं बोट मिटलं. आणि मारिसोल रेषेच्या दोन पावलं अलीकडे थांबली.

पडली नाही, लंगडली नाही. सरळ थांबली, बाजूला झाली, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेऊ लागली. मागून येणाऱ्या मुली तिच्या शेजारून पुढे गेल्या. एक पंच म्हणाला, पोरी, अजून दोन पावलं आहेत. तिने मान हलवली आणि तिथेच उभी राहिली.

हिला कळलं कुठून?

ट्रेंट माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगितलंत."

"मी काही सांगितलेलं नाही."

"तिला म्हणा, ओलांड म्हणून. तुमचं ऐकेल ती."

"नाही म्हणणार," मी म्हटलं. "तू म्हण. तुला काय देता येतंय तिला ते बघ."

आमच्यात इतके दिवस अहोजाहो होतं, ते त्या क्षणी गळून पडलं. तो दोरीखालून आत घुसला. मारिसोलपाशी जाऊन एका दमात बोलायला लागला, आणि भीतीने माणसाचा आवाज चढतो तसा त्याचा चढला होता. दोरीलगतच्या आईबापांना, अध्यक्षांना, सगळ्यांना ऐकू गेलं. "संघातून तुला काढणार नाही. शिष्यवृत्तीही राहील. नव्या कोचशी मी बोलतो, माझा शब्द. फक्त पाऊल टाक."

मारिसोलने मान वर केली. "माझी शिष्यवृत्ती जाणार होती?"

"मग तू थांबलीस कशासाठी?" ट्रेंटने विचारलं.

"मी डार्सीसाठी थांबलेय," ती म्हणाली. "सगळे बघत असताना शेवटी एकटीने यायची लाज वाटते म्हणाली. म्हटलं, मी थांबेन."

शर्यतीत कुणी कुणासाठी थांबत नसतं, हे मी त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. हिने ते ऐकून सोडून दिलं होतं.

रेषेच्या पलीकडून ब्रिटा आणि जुळ्या परत फिरल्या. मारिसोल ट्रेंटकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"कोच, हे खरं आहे?"

"खरं आहे. तुमच्या सगळ्यांचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

तिने रागावावं, ओरडावं, असं मला फार वाटलं. ती नुसती माझ्यावरची नजर काढून मैदानाकडे वळली. डार्सी येत होती. धावणं केव्हाच संपलं होतं, ती एक खांदा पुढे घालून नुसती येत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"डार्सी, थांब," मारिसोल म्हणाली. "रेषा ओलांडू नकोस."

"आता थांबले तर पडेन मी."

"पड. पण अलीकडे पड."

डार्सी पडली. गुडघ्यांवर, मग हातांवर. टाळ्या विरल्या. तिचा काही संबंध नव्हता खरं तर. सॉफ्टबॉलवाल्यांना वर जाऊन नवं मैदान मिळणार होतं. पण दोन वाक्यांत मारिसोलने तिला सांगितलं आणि ती ट्रेंटकडे मान वळवून म्हणाली, "तरीच एवढं पळत होतात."

पंचाने येऊन सांगितलं की मागे कुणी उरलेलं नाही, त्यांना मार्ग बंद करायचा आहे. ट्रेंट त्याला थांबा थांबा म्हणत होता. मारिसोलने अध्यक्षांना हाक मारली. एकोणीस वर्षांची तर पोर, पण शब्द नीट आले.

"डॉक्टर पेटीबोन, आम्ही चौघी आणि शेल्बी. पदवी होईपर्यंत संघात, शिष्यवृत्तीसकट. यांचा शब्द नको. तुमचा द्या."

अध्यक्षांनी ट्रेंटकडे पाहिलं. त्या बाईंना यातलं काही ठाऊक होतं की नव्हतं, ते मला कधीच कळलं नाही. मग त्यांनी दोरीलगतचे लोक पाहिले, वर धरलेले फोन पाहिले, कुबड्या टेकत रेषेपाशी आलेली शेल्बी पाहिली. पंच पुन्हा म्हणाला, बंद करतोय.

"कबूल," त्या म्हणाल्या.

"जरा मोठ्याने," रेषेपलीकडून ब्रिटा म्हणाली.

"पाचही जणी. पदवीपर्यंत. कबूल आहे मला."

मारिसोलने वाकून डार्सीच्या काखेत हात घातला. डार्सी उठली, आणि उठता उठता तिने विचारलं. तीच विचारू जाणे, पाहुणी ती.

"आणि कोच?"

मारिसोलने माझ्याकडे पाहिलं. मी एक पाऊल पुढे झाले होते, का ते मलाही माहीत नाही. काही मागायला नव्हते झाले, बहुतेक ऐकायला.

"त्यांचं त्या बघतील," ती म्हणाली.

आणि दोघींनी रेषा ओलांडली. रेषेवरचं नोंदीचं यंत्र दोनदा वाजलं. ट्रेंट मटकन गवतावर बसला, अध्यक्षांच्या फोटोग्राफरने डिकीतून बॅनर काढला, आणि सहाही मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी दोरीपाशी उभी होते. कुणीतरी माझं अभिनंदन केलं, मी आभार मानले, आणि व्हॅन गरम करून ठेवायला गेले.